कॅटलॉगमधली किंमत आणि हातात पडणारी किंमत

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की महिन्याभरात मला एक तरी फोन येतो. माळा रिकामा करताना वडिलांचे, सासऱ्यांचे नाहीतर मामांचे टपाल तिकिटांचे अल्बम सापडलेले असतात. अफगाणिस्तानपासून झांझिबारपर्यंत देशोदेशीची तिकिटं, पानापानावर नीट लावलेली. घरातल्या कुणीतरी कॅटलॉग, म्हणजे तिकिटांच्या किमतींचं छापील पुस्तक, मिळवून एक्सेलमध्ये बेरीज केलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "एवढे कोण देईल?"

एवढे कोणीच देणार नाही. तिकिटं खरी आहेत, बेरीजही बरोबर आहे. बेरजेला घेतलेले आकडे मात्र वेगळ्याच गोष्टीचे आहेत. कॅटलॉगची किंमत ही एक गोष्ट आणि संग्रह विकायला काढल्यावर हातात पडणारी किंमत ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ करून घरोघरी मनस्ताप झालेला मी इतक्यांदा पाहिला आहे की आता हे सविस्तर लिहून काढतो.

कॅटलॉग म्हणजे काय, हे अल्बम हाताळलेल्या माणसाला सांगायला नको. इंग्लंडचा स्टॅन्ली गिबन्स, अमेरिकेचा स्कॉट, जर्मनीचा मिशेल. प्रत्येक तिकिटाला क्रमांक, न वापरलेल्याची एक किंमत, वापरलेल्याची दुसरी. विमा उतरवताना किंवा आपापसात अदलाबदल करताना हे आकडे उपयोगी पडतात. पण दोन्ही रकान्यांत विकत घेणाऱ्याने मोजायची किंमत असते, हे ध्यानात ठेवायचं. गिबन्स मुळात दुकान आहे. त्यांच्याकडचं निर्दोष तिकीट तुम्ही मागितलंत तर ते किती घेतील, तो आकडा छापलेला असतो. स्कॉट दुकान नाही, पण त्यातही उत्तम स्थितीतलं तिकीट दुकानातून घ्यायला साधारण किती पडेल हेच दिलेलं असतं. तुम्ही विकायला गेलात तर काय मिळेल, हे दोघंही सांगत नाहीत.

इथपर्यंत लोकांना पटतं. "हो, व्यापाऱ्याचा नफा जाणारच," असं म्हणून ते एकूण बेरजेतून वीस-तीस टक्के वजा करतात आणि समाधान मानतात. खरी चूक इथेच होते. कारण सगळ्या तिकिटांतून सारखा हिस्सा वजा होत नाही. काहींतून निम्मा जातो आणि बहुतेकांतून जवळपास सगळाच.

कॅटलॉगमध्ये एक किमान किंमत असते. तिकीट कितीही साधं असलं, कोट्यवधी छापलेलं असलं, तरी त्याच्यापुढे शून्य लिहीत नाहीत. स्कॉटमध्ये हा आकडा बरीच वर्षं २०-२५ सेंटच्या घरात राहिला, गिबन्समध्ये काही पेनी. हा आकडा व्यापाऱ्याच्या मेहनतीचा आहे, साध्या तिकिटांचं मोल करायला तो वापरू नका, असं गिबन्सच्या प्रस्तावनेत स्वच्छ छापलेलं असतं. स्कॉटच्या प्रस्तावनेतही त्याच अर्थाचा खुलासा असतो. प्रस्तावना न वाचता थेट किमतींच्या पानावर जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अर्धा गोंधळ त्या दोन-चार पानांनी मिटतो.

मेहनत म्हणजे काय ते पाहा. तुम्हाला हंगेरीच्या एका सेटमधलं एकच तिकीट हवं आहे. व्यापारी हजारो तिकिटांतून ते शोधतो, क्रमांक ताडून बघतो, चिमट्याने उचलून पाकिटात घालतो, बिल करतो. त्या सगळ्याचे वीस-पंचवीस रुपये. तिकीट जवळजवळ फुकट आहे. आता तुम्ही तेच तिकीट त्याला विकायला नेलंत. त्याची शोधायची, ओळखायची, दहा वर्षं गिऱ्हाईकाची वाट बघायची मेहनत तशीच शिल्लक आहे. तुमच्याकडून त्याला फक्त कागदाचा तो तुकडा मिळतो आणि तसे त्याच्याकडे दोनशे पडून आहेत.

हे सोन्यावरून चटकन कळतं. बांगड्या घेताना आपण सोन्याचा भाव देतो आणि वर मजुरी देतो. मोडायला नेल्या की मजुरी गेली, सोन्याचे पैसे मिळाले. साध्या तिकिटाची कॅटलॉग किंमत म्हणजे सगळीच्या सगळी मजुरी, आत सोनं नाही. म्हणून त्यातून टक्के वजा करण्यात अर्थ नाही.

गेल्या हिवाळ्यात घंटाळीजवळ एका काकूंकडे गेलो होतो. काकांनी १९५०च्या आसपास सुरू केलेला संग्रह, चार जाड अल्बम. भाच्याने दोन महिने बसून प्रत्येक तिकीट स्कॉटशी ताडून पाहिलं होतं. ८,००० तिकिटं, बेरीज ४,६०० डॉलर, म्हणजे जवळपास चार लाख रुपये. मी त्याला एवढंच म्हटलं, "२५ सेंटवाली वेगळी काढून दाखव." ती निघाली ७,४००. त्यांची बेरीज १,८५० डॉलर, दीड लाखाच्या वर. ही दीड लाखाची मजुरी विकताना कोणी देणार नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, पण पुस्तकात छापलंय ना?" छापलंय खरं, पण कुणासाठी छापलंय ते आधी बघायला हवं.

उरलेल्या ६०० पैकीही साडेपाचशेच्या वर तिकिटं अर्ध्या डॉलरपासून दोन डॉलरपर्यंतची होती. तीही जवळपास मजुरीच. ज्यांच्यात सोनं होतं अशी तिकिटं निघाली ४० आणि कॅटलॉगप्रमाणे ती एकटीच २,००० डॉलरच्या वर होती. जगभरच्या संग्रहाचं मोल करताना या चाळिसांवरच वेळ घालवायचा असतो. भाच्याचे दोन महिने बाकीच्या तिकिटांत गेले होते.

अशा तिकिटांच्या बाबतीत कॅटलॉगचा आकडा उपयोगी पडतो, पण तो निर्दोष आणि अचूक ओळखलेल्या तिकिटाचा आकडा असतो, ही अट कायम. त्या ४० पैकी तीन चुकीची ओळखलेली निघाली. केनिया-युगांडा-टांगानिका या पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश प्रदेशांची, राजा सहाव्या जॉर्जची काही तिकिटं चित्राने, रंगाने, दर्शनी किमतीने अगदी सारखी दिसतात. फरक तिकिटाच्या कडेच्या दात्यांच्या मापाचा. दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात त्यावर ते माप ठरतं आणि त्या एका फरकाने किंमत कित्येक पट बदलते. कॅटलॉगमध्ये दोन ओळी सारख्या दिसल्या की हौशी माणूस महागडी ओळ निवडतो. माझा नियम उलटा आहे. मापपट्टी लावून सिद्ध होईपर्यंत तिकीट स्वस्तातलंच धरायचं.

आणखी अकरा तिकिटं डागाळलेली होती. भाच्याने ती उलटी करून पाहिलीच नव्हती. समोरून तजेलदार तिकीट, मागे गोंदावर आणि दात्यांच्या टोकांवर तांबूस ठिपके. संग्राहक याला रस्ट म्हणतात. खाडीची दमट हवा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस यात न वापरलेली तिकिटं टिकवणं कठीण, हे ठाण्यातल्या प्रत्येक संग्राहकाला भोगून माहीत आहे. लंडनच्या कॅटलॉगला माळ्यावरचे पन्नास पावसाळे माहीत नसतात. डागाळलेल्या तिकिटाची किंमत थोडी कमी होते असं समजू नका. बरेच घेणारे त्याला हातच लावत नाहीत. तीच गत हिंजची, म्हणजे तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीची. जुन्या लोकांनी तिकिटं हिंज लावूनच चिकटवली, त्यात त्यांची चूक काही नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न वापरलेल्या तिकिटांची छापील किंमत सहसा हिंज न लागलेल्या तिकिटाची असते. मागे हिंजची खूण दिसली की तो आकडा सोडून द्यायचा.

उरली २६. कॅटलॉगने साधारण १,४०० डॉलरची, म्हणजे एक लाख वीस हजारांच्या आसपास. त्यांचे ४८,००० मिळाले आणि ती किंमत चांगली होती. माझा अनुभव असा की मागणी असलेल्या, स्वच्छ तिकिटाला कॅटलॉगच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत मिळतं, फार मागणी असली तर त्याहूनही वर. बाकीची सगळी मिळून एका गठ्ठ्याचे आठ हजार आले. चार लाखांचे छप्पन हजार. काकूंना वाईट वाटलं, ते साहजिक होतं. आधीच कोणी नीट सांगितलं असतं तर तेच छप्पन हजार आनंदाचे झाले असते.

कॅटलॉगचा रकाना चुकीचा वाचल्यामुळे होणारा एक घोळ मुद्दाम सांगतो, कारण तो जवळपास प्रत्येक जुन्या अल्बममध्ये असतो. जर्मनीत १९२३ साली महागाईचा कहर झाला, तेव्हा तिकिटांवर लाखांचे, कोटींचे, शेवटी अब्जांचे आकडे छापले गेले. यातली बहुतेक तिकिटं न वापरलेली ढिगाने मिळतात. पण काही दिवसांतच निरुपयोगी ठरल्यामुळे खरोखर पत्रावर लागलेली कमी, म्हणून वापरलेल्याची किंमत जास्त. लोक तो मोठा आकडा उचलतात. मात्र तो लागू होतो त्या काळातला खरा शिक्का तज्ज्ञाने तपासून दिलेल्या तिकिटालाच. नंतर मारलेले खोटे शिक्के अमाप आहेत. तपासणीची खूण नसेल तर ते स्वस्त तिकीट धरा.

बाकीचे गैरसमज झटपट. जुनं म्हणजे महाग नव्हे: जगातलं पहिलं तिकीट, १८४० सालचं पेनी ब्लॅक, सुमारे ६.८ कोटी छापलं गेलं आणि पैसे मोजले तर आजही सहज मिळतं. मोठं, चकचकीत, सोनेरी म्हणजे तर मुळीच महाग नव्हे. १९७१ च्या आधीची अजमान, शारजा, फुजैरा या आखाती अमिरातींची रंगीबेरंगी तिकिटं सरळ गठ्ठ्यात टाका. १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट घरात असेल तर छानच, पण बातम्यांतले कोट्यवधींचे आकडे ‘सर्व्हिस’ असा छाप मारलेल्या, गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठीच्या मोजक्या प्रतींचे आहेत. साध्या तिकिटाच्या नकला बाजारात फार, तेव्हा आधी खात्री करा. आणि इंटरनेटवर कोणी किती मागतो याला काडीचं महत्त्व नाही. किती रुपयांना विकलं गेलं, लिलावात हातोडा कितीवर पडला, तेवढंच बघायचं. ‘हे तिकीट असेल तर तुम्ही लखपती’ छापाचे व्हिडिओ मला फॉरवर्ड करू नका, कळकळीची विनंती.

मग मोल करायचं कसं? अल्बम पहिल्यांदा चाळताना कॅटलॉग बंद ठेवा. चीन वगळता १९६० नंतरची चित्रमय तिकिटं सोडून पुढे जा. ब्रिटिश वसाहतींची १९५० पूर्वीची वरच्या दर्शनी किमतीची तिकिटं, आपली संस्थानी तिकिटं, हिंज न लागलेले पूर्ण सेट, चीन यांच्या पानांवर चिठ्ठी लावा. चीनकडे विशेष लक्ष द्या. १९८० चं ८ फेनचं माकडाचं तिकीट मूळ किमतीने क्षुल्लक होतं, आज त्याची किंमत बघा. चिठ्ठी लागलेल्या पानांसाठीच कॅटलॉग उघडा, मापपट्टी लावा, तिकीट उलटून पाहा. मग दोन-तीन व्यापाऱ्यांना अख्खा संग्रह दाखवा. मात्र चांगली तिकिटं आधी एकाला विकून उरलेला अल्बम दुसऱ्याला दाखवू नका. पानावरच्या रिकाम्या जागा पाहून पुढचा माणूस सगळ्याचाच भाव पाडतो. आणि हे सगळं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा.

आता कॅटलॉग ज्या गोष्टीपुढे सहसा आकडा लिहीत नाही, तिच्याबद्दल. पूर्ण पाकीट. तिकीट, शिक्का, पत्ता, मार्ग, सगळं जिथल्या तिथे. १६ एप्रिल १९५३ ला भारतीय रेल्वेच्या शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट निघालं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी आपल्या गावात आली होती, म्हणून ठाण्यातल्या प्रत्येक संग्रहात ते असतंच. वापरलेलं सुटं तिकीट काही रुपयांचं. पण तेच त्या दिवशीच्या ठाण्याच्या शिक्क्यासह पाकिटावर असेल तर मी स्वतः कॅटलॉग न उघडता चांगले पैसे देईन.

काकूंचे एक दीर मोंबासाला होते. त्यांची पत्रं काकांनी पाकिटांसकट जपून ठेवली होती, पण भाच्याच्या यादीत ती नव्हती. पाकिटांना क्रमांक नसतो ना. मी विचारलं तेव्हा तो मला गॅलरीत घेऊन गेला. तिथे एका बादलीत पाच-सहा पाकिटं भिजत पडली होती, तिकिटं सुटावीत म्हणून. शाई पाण्यात उतरली होती, पत्ते पुसट झाले होते. शेजारी स्टुलावर आणखी चौदा कोरडी पाकिटं रचलेली, पुढच्या खेपेसाठी. त्या चौदांचे पुढे सतरा हजार आले. एक पंधरावं काकूंनी बादलीतूनच उचललं, टॉवेलमध्ये दाबून टिपलं आणि विकायचं नाही म्हणून कपाटात ठेवलं.