चिंचिलाची वीण: वाढवायची की थांबवायची?

रत्नागिरीला माझ्या आतेबहिणीकडे दोन चिंचिला आहेत. चिंचिला म्हणजे उंदराच्या कुळातला, दाट मऊ केसांचा प्राणी. मुंबईतल्या एका दुकानदाराने ‘दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा’ म्हणून दिलेले. काही महिन्यांनी त्यातली एक मादी दुसरीच्या मागे लागली आणि उलगडा झाला. ही चूक होते, कारण चिंचिलाच्या मादीचं मूत्रद्वारही शंकूसारखं पुढे आलेलं असतं. त्या शंकूत आणि गुदद्वारात मोकळी जागा असेल तर नर, जवळजवळ चिकटलेलं असेल तर मादी. तात्पुरते पिंजरे वेगळे केले आणि घरात वाद सुरू झाला. पिल्लं होऊ द्यायची की नराला खच्ची करायचं?

आत्याचा मुद्दा तिसराच, उकाडा न सोसणाऱ्या या प्राण्यांसाठी लावलेल्या एसीचा. “अगो, आंब्याच्या पेट्यांना कधी एसी लावला नाही आपण, नि या उंदरांना एसी!”

आत्याच्या बोलण्यात या प्राण्याचा अर्धा इतिहास आहे. चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. कोरडी, थंड, खडकाळ जागा. तिथल्या चिंचा लोकांवरून त्याचं नाव पडलं असं मानतात. केसांच्या एकेका मुळातून साठेक केस निघतात. ही दाट, मऊ फरच त्याच्या जिवावर उठली. एका कोटाला शंभराहून जास्त कातडी लागायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिलीमधून लाखोंनी कातडी बाहेर गेली आणि डोंगर रिकामे झाले. 1910 मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारबंदीचा करार केला, पण तोवर फार उशीर झाला होता.

मग मॅथायस चॅपमन हा अमेरिकन खाण-अभियंता आला. चिलीत तांब्याच्या खाणीवर असताना त्याने माणसं लावून, काही वर्षं खपून, जेमतेम अकरा-बारा चिंचिला जमवले. त्यांना डोंगरावरून एकदम खाली आणलं नाही. टप्प्याटप्प्याने, हवा मानवेल तसं उतरवलं. बोटीवर पिंजऱ्यांना गारवा राहावा म्हणून बर्फ वापरला. 1923 मध्ये ते कॅलिफोर्नियात पोचले, आणि आज जगभर घराघरांत असलेल्या चिंचिलांपैकी बहुतेकांचं मूळ याच मूठभर जनावरांपाशी जातं.

चॅपमनला वीण हवी होती ती फरसाठी. फरच्या फार्मवर एक नर आणि ओळीने माद्या असतात. पिंजऱ्यांच्या मागून एक बोळ जातो. मादीच्या गळ्यात कडं असतं, त्यामुळे तिला दारातून बाहेर पडता येत नाही. नर मात्र बोळातून हव्या त्या पिंजऱ्यात शिरतो. तिथे खच्ची करायचा प्रश्नच नव्हता. वीण चालू ठेवायची, नाहीतर कातडं काढायचं. पुढे अमेरिकेत ‘घरच्या घरी चिंचिला पाळा, श्रीमंत व्हा’ म्हणून जोड्या भरमसाट दराने विकल्या गेल्या. आपल्याकडच्या इमूपालनाची लाट ज्यांना आठवते त्यांना पुढचं सांगायला नको. फार्मवरून उरलेला प्राणी मग हौसेचा झाला. ‘जोडी लावा’ हा सल्ला मात्र फार्मवरचाच राहिला.

रंगांचं वेडही तिथलंच. मूळ रंग राखाडी. पांढरे, बेज, काळे मखमली हे 1950 च्या दशकापासून फार्मवर पुढे आले. यात एक मेख आहे. पांढऱ्याला पांढरा किंवा मखमलीला मखमली लावला, तर दोन्हीकडून तेच जनुक मिळालेला गर्भ जगत नाही. म्हणजे सरासरी चारात एक गेला. दातांचंही तसंच. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात. त्यांची ठेवण बिघडण्याचा दोष काही घराण्यांत चालत येतो आणि कित्येकदा वयात आल्यावरच दिसतो, म्हणजे पिल्लं होऊन गेल्यावर. आमच्या जोडीचे आईबाप कोण, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. माझ्या मते पिल्लांचा विषय इथेच मिटतो.

तरी हिशेब मांडू. सशाचं गाभणपण महिन्याभरात उरकतं, चिंचिलाला 111 दिवस लागतात. गणपतीत जमलं तर पिल्लं नाताळाच्या आसपास. बहुधा एक-दोनच, पण अंगभर केस आणि डोळे उघडे घेऊन येतात. व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा माजावर येते, म्हणून नर त्याआधीच बाजूला काढावा लागतो. आणि एकेक पिल्लू दहा-पंधरा वर्षं, कधी वीसही जगतं. तितकी वर्षं एसी.

मग खच्ची? आपल्याकडे पाडा खच्ची करायचा म्हणजे डॉक्टर चिमटा घेऊन येतात, बाहेरून नस दाबतात, काम झालं. चिंचिलाला तशी लोंबती पिशवीच नसते. वृषणं जांघेत असतात आणि जांघेतली वाट पोटाकडे उघडी. शस्त्रक्रियेत ती शिवून बंद केली नाही तर आतडं खाली उतरू शकतं. अर्धा किलोच्या जिवाला भूल द्यायची तीही बेताने. मादीचं तर पोटच उघडावं लागतं, म्हणून सहसा नराचंच करतात. त्यानंतरही काही आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवावं लागतं, कारण आधीचं बीज शिल्लक असतं. तालुक्याच्या दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या येतात. असला प्राणी हाताळलेला सर्जन गाठायचा तर मुंबई, साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि तेही मे महिन्यात नव्हे. पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर पारा गेला की चिंचिलाला उष्माघाताची भीती, आणि इथे उन्हाळ्यात बत्तीस-तेहतीस. पावसाळ्यातली दमट हवा वेगळीच. ओल धरली की त्या दाट केसांत बुरशी.

शिवाय वीज. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत कित्येक आठवडे अंधार होता. दोन चिंचिलांपुरता इन्व्हर्टर आणि बर्फाच्या बाटल्या जमवता येतील. सहांचं कसं करणार?

बहिणीने सध्या शस्त्रक्रियाही टाळली आहे. एकाच खोलीत दोन पिंजरे, मध्ये जाळीतून नाकं पोचणार नाहीत एवढं अंतर. संध्याकाळी पाळीपाळीने दोघांना ज्वालामुखीच्या बारीक राखेची कोरडी अंघोळ, पाण्याची नव्हे. दोघे लोळून उठले की खोलीभर करडी धूळ बसते, आणि ती पुसायला फडकं घेऊन येते आत्याच.