टोबा महाउद्रेक
इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झालेला ज्वालामुखीचा उद्रेक. गेल्या वीस लाख वर्षांतील हा सर्वांत मोठा उद्रेक मानला जातो. एका अंदाजानुसार सुमारे २,८०० घन किमी. शिलारस बाहेर पडला आणि वरचे छत खचून जवळजवळ १०० किमी. लांब व ३० किमी. रुंद महाकुंड निर्माण झाले. त्यातच आजचे टोबा सरोवर साठले असून त्यातील समोसिर बेट म्हणजे महाकुंडाच्या तळाचा नंतर वर उचलला गेलेला भाग होय. याच ठिकाणी सुमारे ८ लाख आणि ५ लाख वर्षांपूर्वीही मोठे उद्रेक झाले होते. भारतात मिळालेल्या टोबाच्या राखेच्या कालनिर्णयाचा वाद त्यामुळेच उद्भवतो.

या उद्रेकाची राख बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि भारतीय द्वीपकल्प येथे आढळते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी व कऱ्हेकाठी मोरगाव येथे नदीच्या गाळात राखेचे फिकट थर मिळाले आहेत. दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीजन्यच. परंतु तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा व बेसाल्ट जातीचा असल्याने ही सिलिकाबहुल, काचमय राख स्थानिक असू शकत नाही. तिचा उगम तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर टोबा येथे असल्याचे आता सामान्यतः मान्य आहे. ती टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, हा मात्र वादविषय आहे.

बोरीच्या राखेचे वय पोटॅशियम–आर्गॉन (खनिजातील पोटॅशियमचे किरणोत्सर्गाने आर्गॉनमध्ये झालेले रूपांतर मोजण्याच्या) पद्धतीने प्रथम सुमारे १४ लाख वर्षे आणि पुढे तिच्याच सुधारित आर्गॉन–आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख वर्षे काढण्यात आले. राखेशी निगडित गाळात अश्युलियन (पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडींच्या) धर्तीची दगडी हत्यारे मिळाल्याने या आकड्यांना विशेष महत्त्व आले. पुढे काचकणांचे रासायनिक घटक तपासणाऱ्या अभ्यासकांनी ही राख ७४,००० वर्षांपूर्वीच्याच उद्रेकाची ठरवली. नमुन्यात मिसळलेल्या जुन्या खनिजकणांमुळे वय फुगले असावे, असे त्यांचे म्हणणे. काही संशोधक आजही ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाकडे झुकतात. येथील राख पाण्याने वाहून येऊन पुन्हा साचलेली आहे. त्यामुळे राखेचे वय निश्चित झाले तरी ती ज्या गाळात मिळाली त्याचे वय तेवढेच धरता येत नाही. हत्यारांचा काळ केवळ राखेवरून न ठरवणे अधिक सयुक्तिक वाटते.

उद्रेकानंतर गंधकयुक्त सूक्ष्मकणांनी सूर्यप्रकाश अडवून जागतिक तापमान ३ ते ५ अंश से. घटले असावे, असा एक अंदाज आहे. त्यावरून मानवी लोकसंख्या काही हजारांवर आली, असे मानवशास्त्रज्ञ स्टॅन्ली अँब्रोज यांनी १९९८ मध्ये सुचविले. पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात टोबाची राख सापडली; तीव्र थंडीची खूण मात्र दिसली नाही. आंध्र प्रदेशातील कुर्नूल भागातल्या ज्वालापुरम येथे तर राखेच्या थराखाली व वर मिळालेल्या दगडी हत्यारांत बरेच साम्य आढळले आहे. तेथे मानवी वस्ती टिकून राहिली असावी, हा निष्कर्ष त्यावरूनच काढला जातो.