फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्या: शस्त्रक्रिया, फुगा की गोळी?

रक्त पातळ करणारी गोळी तीन महिने नीट घेऊनही पाखाडी चढताना धाप लागतेच, इकोत हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब चढलेलाच दिसतो, तेव्हा जुन्या गुठळीचा संशय घ्यावा लागतो. कोकणात तोवर बऱ्याचदा दम्याचा पंप सुरू झालेला असतो. फुप्फुसात हवा पोचते पण रक्त कुठे पोचत नाही हे दाखवणाऱ्या व्ही-क्यू स्कॅनसाठी मुंबई-पुणे गाठावे लागते, म्हणून ती तपासणी मागे पडते.

वाहिनीच्या अस्तराला चिकटलेली गुठळी अस्तरासकट सोलून काढण्याची शस्त्रक्रिया 1970 नंतर सॅन दिएगोत आकाराला आली. शरीर 20 अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण एका वेळी सुमारे 20 मिनिटे थांबवायचे, हे ऐकूनच घरचे हबकतात. बारीक नळीतून फुगा नेऊन अडलेली वाहिनी आतून रुंद करण्याचा प्रयोग 2001 मध्ये अमेरिकेत 18 रुग्णांवर झाला, पण फुप्फुसात पाणी भरू लागल्याने मागे पडला. लहान फुगे आणि अनेक बैठका ही पद्धत बसवून जपानने 2012 च्या सुमारास तो पुन्हा वर आणला. 2013 मध्ये फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करून दाब उतरवणारी रिओसिग्वाट ही गोळी आली.

खरा वाद इथून पुढचा. ही गोळी शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठी, किंवा शस्त्रक्रियेनंतरही दाब उरलेल्यांसाठी मंजूर झाली. पण शक्य नाही हे ठरवायचे कुणी? सरावलेला सर्जन बारीक फांद्यांतली गुठळीही काढतो. वर्षाला मोजक्याच केसेस करणारा वाहिन्यांच्या त्याच फिल्मवर नकार लिहितो. म्हणजे तो शेरा कित्येकदा रुग्णापेक्षा केंद्राबद्दल जास्त सांगतो. असा नकार एकाच ठिकाणी ऐकून ‘गोळीवर भागतंय ना, मग कशाला चिरफाड’ म्हणत गावी परतणे महागात पडू शकते. पूर्ण बरे होण्याची सर्वात मोठी संधी आजही शस्त्रक्रियेतच आहे.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत शस्त्रक्रिया न होणाऱ्यांत फुग्याने वाहिन्यांतला अडथळा गोळीपेक्षा जास्त उतरवला. पण त्यात फुग्यामुळे 42 टक्क्यांना गंभीर त्रास झाला. आधी गोळी घेऊन मग फुग्याला गेलेल्यांत तो 14 टक्क्यांवर आला. त्यामुळे गोळी आणि फुगा एकमेकांच्या विरोधात उभे करण्यात अर्थ उरलेला नाही.

रक्त पातळ करणारे औषध तिन्ही वाटांवर जन्मभर. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम ही जुनी गोळी असेल तर पावसाळ्यात टाकळा, शेगलाची भाजी एकदम वाढवल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचे माप) घसरतो. नव्या गोळ्यांना ही कटकट नाही, पण अँटिफॉस्फोलिपिडचा दोष (गुठळ्या वाढवणारी प्रतिपिंडे) असलेल्यांना जुनीच गोळी दिली जाते.