पंचवीस अंकांवर थांबणारी संख्या

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. हिचे डावीकडचे पहिले दोन अंक घ्या: ३६ ला दोनने भाग जातो. पहिले तीन घ्या: ३६० ला तीनने. ३६०८ ला चारने, ३६०८५ ला पाचने. हे शेवटच्या अंकापर्यंत चालतं आणि अख्ख्या संख्येला २५ ने निःशेष भाग जातो. दशमान पद्धतीत हा गुण असलेली पंचवीस अंकी संख्या ही एकच, आणि हिच्याहून लांब एकही नाही.

ती बांधायची कशी? समजा ३६०८५२ पर्यंत पोचलो. पुढे शून्य लावा आणि ३६०८५२० ला सातने भागा. बाकी ६ उरते. सात पुरे व्हायला १ हवा, म्हणून शून्याच्या जागी १ चालेल. त्यात आणखी सात मिळवून ८ सुद्धा चालेल. इथे दोन फांद्या फुटतात, आपली संख्या ८ च्या फांदीवर आहे. प्रत्येक पायरीवर कृती हीच.

खरी अडचण भाजक दहाच्या पुढे गेल्यावर सुरू होते. शून्य लावलेल्या संख्येला अकराने भागून बाकी १ उरली, तर १० मिळवावे लागतात. एका घरात दहा बसत नाहीत, फांदी तिथेच संपते. दुसऱ्या घरात पाच अंक चालतात, विसाव्या घरात सरासरी अर्धा!

म्हणून मोजणीचा आलेख आधी चढतो, मग उतरतो. अशा नऊ अंकी संख्या २४९२ आहेत आणि दहा अंकीही नेमक्या २४९२. दहाने भाग जायला शेवटी शून्यच लागतं, त्यामुळे प्रत्येक नऊ अंकी संख्येला पुढची वाट एकच. त्यानंतर ओहोटी: अकरा अंकी २२२५, वीस अंकी ४४, चोवीस अंकी अवघ्या ३. एक अंकीपासून सगळ्या मिळून भरतात २०४५६. संगणक त्या एकूण एक तपासू शकतो, म्हणून पंचवीसची मर्यादा हा अंदाज नाही, ती सिद्ध झालेली गोष्ट आहे.

सव्विसाव्या घरात काय होतं तेही पाहा. शेवटी शून्य लावून २६ ने भागलं की बाकी १२ उरते. हवेत १४. वाट बंद.

या कुळातली मला सर्वांत देखणी वाटते ती ३८१६५४७२९: एक ते नऊ प्रत्येक अंक एकदाच, आणि तशी दुसरी नाही. ती कागदावर सहज तपासता येते. पंचवीस अंकीसाठी मात्र एक्सेलवर विसंबू नका. ते पंधरा अंकच जपतं, पुढच्या जागी शून्यं भरतं आणि बाकी चुकते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही लांब चालतो. तिथे बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह वापरा. भागाकाराची तिरकी रेघ दशांशात उत्तर देते आणि शेवटचे अंक गळतात.