‘शूटआउट’ कुठला? वडाळ्याचा की लोखंडवालाचा?

“मन्या सुर्वेला लोखंडवालाच्या बिल्डिंगमध्ये घेरून मारलं ना?” परवा भाच्याने जेवता जेवता विचारलं. मी नाही म्हटल्यावर तो मोबाइल काढून मलाच पटवायला लागला. त्याच्या डोक्यात दोन सिनेमांची एकच गोष्ट झाली होती. मन्या लोखंडवालात, संजय दत्त वडाळ्यात आणि ‘गणपत’ गाणं जॉन अब्राहमच्या तोंडी! त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हा घोळ मी चांगल्या सिनेमावेड्या माणसांकडूनही ऐकला आहे.

घोळ व्हायला कारणंही तशीच आहेत. ‘शूटआउट अॅट लोखंडवाला’ आला २५ मे २००७ ला आणि ‘शूटआउट अॅट वडाला’ ३ मे २०१३ ला. नावाचा पुढचा अर्धा भाग एकच. बालाजी आणि संजय गुप्ताची व्हाइट फेदर या निर्मितीसंस्था दोन्हीकडे. तुषार कपूर दोन्हीकडे आहे आणि दोन्ही वेळा नायकाचा जोडीदार आहे: आधी दिलीप बुवा, नंतर शेख मुनीर. त्यात दोन्ही गुंड मराठी, आणि त्यांची नावं तर एका अक्षराने फिरावीत अशी: माया आणि मन्या. महेंद्र डोळसचा माया झाला, मनोहर सुर्वेचा मन्या झाला. घाईत बोलताना कुणाचीही जीभ घसरेल.

पण वडाळ्यात मन्या आणि लोखंडवालात माया पोलीस चकमकीत मारला गेला, त्या दोन घटनांमध्ये जवळजवळ दहा वर्षांचं अंतर आहे, आणि त्या दहा वर्षांत मुंबई पार बदलली. मला हा घोळ खटकतो तो त्यासाठी. नावं चुकली तर एक वेळ चालेल, पण काळ चुकला की गोष्टच कळत नाही.

पहिली गोम अशी की सिनेमांचा क्रम आणि घटनांचा क्रम उलटा आहे. आधी आलेला सिनेमा नंतरची घटना सांगतो. वडाळ्याची चकमक ११ जानेवारी १९८२ ची, लोखंडवालाची १६ नोव्हेंबर १९९१ ची. त्यामुळे २०१३ चा सिनेमा हा ‘दुसरा भाग’ समजून बघायला बसलात तर फसाल. कथेच्या दृष्टीने तो मागे जातो, आणि पात्रांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माया डोळस मन्याचा चेला नव्हता, वारसही नव्हता.

आता मन्याबद्दल. मन्या मूळचा कोकणातला, दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला. शिकलेला गुंड ही गोष्ट त्या काळात लोकांना फार चटका लावून गेली, आजही लोक आधी तेच सांगतात. १९६९ मधल्या एका खुनात सावत्र भाऊ भार्गवबरोबर तो अडकला आणि जन्मठेप झाली. पुढे १९७९ च्या नोव्हेंबरात रत्नागिरीत रुग्णालयात असताना तो पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटला. मुंबईत येऊन त्याने टोळी बांधली, लूटमार सुरू केली आणि थेट दाऊदच्या वाटेत उभा राहिला. १२ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला. त्या खुनात पठाण टोळीच्या अमीरजादा-आलमजेबबरोबर मन्याचं नाव घेतलं जातं. त्यानंतर वर्षभराच्या आतच वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या टॅक्सीतून उतरला आणि साध्या कपड्यातल्या पोलिसांनी त्याला गाठलं. पोलीस अधिकारी इसाक बागवान आणि राजा तांबट यांच्या गोळ्या त्याला लागल्या. शीवच्या रुग्णालयात नेताना तो वाटेतच गेला. मुंबई पोलिसांची पहिली चकमक म्हणून सर्रास हीच घटना सांगितली जाते.

हा दिवस सोमवार होता. पुढच्याच सोमवारी, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालंच नाही. मन्याची गोष्ट ऐकताना मला दर वेळी हा आठवडा आठवतो. चाळी, भोंगे, कॉलेजचं फाटक, काळी-पिवळी टॅक्सी, कमरेला रिव्हॉल्व्हर: ही मन्याची मुंबई. ती त्याच्याबरोबरच संपत आली होती.

माया डोळस ज्या मुंबईत मेला ती वेगळी. लोखंडवाला कॉम्प्लेक्स म्हणजे अंधेरी पश्चिमेला, दलदलीच्या जमिनीवर ऐंशीच्या दशकात उभी राहिलेली नवीकोरी वस्ती. गच्च्या, लिफ्ट, गाड्या लावायला जागा, शेजारी कोण राहतं याची फारशी चौकशी नाही. लपायला ही जागा चाळीपेक्षा कितीतरी सोयीची. चाळीत नवा माणूस आला की संध्याकाळपर्यंत त्याचं गाव, आडनाव आणि कुळाचार सगळ्यांना माहीत. इथे सात जण एका फ्लॅटमध्ये राहिले तरी कुणी दार वाजवत नाही. अपना घर सोसायटीतल्या स्वाती इमारतीत माया, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार थांबले होते. पोलिसांनी इमारत घेरली आणि भरदिवसा तासन् तास गोळीबार चालला. माया आणि दिलीप बुवासह सात जण ठार झाले.

हत्यारंही बदलली होती. मन्याच्या काळात टोळ्यांकडे रिव्हॉल्व्हर, तलवारी, चॉपर असायचे. मायाच्या काळात एके-४७ आली होती. दोन सिनेमांतल्या गोळीबाराचा आवाजच निराळा आहे तो त्यामुळे. टीव्हीसमोर डोळे मिटून बसलात तरी कुठला सिनेमा चाललाय ते सांगता येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक, जो गप्पांमध्ये हमखास उलटा सांगितला जातो: मन्या दाऊदचा शत्रू होता, माया दाऊदच्या टोळीतला होता. माया आधी अशोक जोशीच्या टोळीत होता, नंतर तिकडे गेला. एकाच्या वेळी दाऊद अजून मुंबईतला एक उभरता टोळीप्रमुख होता. दुसऱ्याच्या वेळी तो दुबईत बसून इथली सूत्रं हलवत होता. या दोन चकमकींच्या मधल्या दहा वर्षांत जे घडलं ते हेच. मन्याच्या गोष्टीत सगळी माणसं एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात, एकाच रस्त्यावर एकमेकांना आडवी जातात. मायाच्या गोष्टीत मालक फोनच्या पलीकडे असतो.

पोलीसही बदलले होते. वडाळ्यात क्राइम ब्रँचचे अधिकारी होते, खबऱ्याकडून आलेली टीप होती आणि चौकात दबा धरून बसणं होतं. लोखंडवालाला पोलीस अधिकारी ए. ए. खान यांचं एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक होतं. हे पथक त्यांनी १९९० मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांच्या स्वॅट या खास सशस्त्र पथकाच्या धर्तीवर उभं केलं होतं. (आज बातम्यांत दिसणारं महाराष्ट्राचं एटीएस २००४ मध्ये स्थापन झालं. इथेही घोळ होतो, म्हणून सांगून ठेवतो.)

आता सिनेमांकडे वळू. दोन्ही सिनेमे सत्याशी किती इमान राखतात, हे त्यातल्या नावांवरून कळतं. लोखंडवालात माया डोळस आणि दिलीप बुवा ही नावं जशीच्या तशी आहेत, पण संजय दत्तचा पोलीस अधिकारी ए. ए. खान नाही, शमशेर खान आहे. वडाळ्यात मन्या सुर्वे हे नाव खरं, पण दाऊदचा दिलावर झाला, साबीरचा झुबेर झाला, बागवानांचं बाघरान झालं आणि तांबटांचं आंबट. मेलेल्या गुंडांची नावं तेवढी शाबूत राहिली, बाकी जवळपास सगळ्यांच्या पाट्या बदलल्या. लोखंडवालाच्या जाहिरातीवर तर ‘खऱ्या अफवांवर आधारित’ अशा अर्थाची ओळ होती. ती ओळ मला प्रामाणिक वाटते. प्रेक्षकाने तिकीट काढतानाच ती लक्षात ठेवली असती तर निम्मे गैरसमज टळले असते. वडाळ्याला मात्र एस. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकाचा आधार आहे, त्यामुळे तो बघताना आपण इतिहासच बघतोय असं वाटायला लागतं. खरी गल्लत तिथे होते.

गोष्ट सांगायची पद्धतही दोघांची अगदी निराळी, आणि ओळखायची सोपी खूण हीच. अपूर्व लाखियाच्या लोखंडवालात चकमक होऊन गेलेली आहे. अमिताभ बच्चनचा वकील ढिंगरा तीन पोलिसांना समोर बसवतो आणि त्यांचा वकील म्हणून उभं राहण्याआधी त्यांनाच फैलावर घेतो. संजय दत्त, सुनील शेट्टी, अरबाज खान: तिघेही खुर्चीत अवघडलेले. प्रश्न त्यांना, उत्तरं भूतकाळात. म्हणजे मायाची गोष्ट आपल्याला पोलिसांच्या तोंडून ऐकायला मिळते. संजय गुप्ताच्या वडाळ्यात याच्या उलट. तिथे गोळ्या खाल्लेला मन्या पोलिसांच्या गाडीत बाघरान झालेल्या अनिल कपूरच्या समोर पडलाय, रक्त वाहतंय, आणि तो स्वतःची कहाणी स्वतः सांगतोय. वडाळ्याहून शीवला जायला वेळ तो कितीसा लागतो? त्या थोडक्या रस्त्यात दिग्दर्शकाने एक आख्खं आयुष्य बसवलं. मला हा प्रसंग मनापासून आवडतो. बाकी सिनेमात भडकपणा पुष्कळ आहे, आयटम गाणी तर तीन-तीन आहेत, पण त्या गाडीतला अनिल कपूरचा चेहरा बघावा. मारलेल्या माणसाचं ऐकून घेणं त्याला टाळता येत नाही.

लोखंडवालात तशी घट्ट जागा शोधायची तर ती मायाच्या आईची आहे. अमृता सिंगने केलेली ही आई हिंदी सिनेमातल्या रडणाऱ्या आयांपैकी नव्हे. ती पोराला आवरत नाही, उलट त्याला खतपाणी घालते. चोहीकडून गोळ्या चालू असतानाही मायाचं आईशी असलेलं नातं सिनेमा सोडत नाही. विवेक ओबेरॉयचा माया मला जॉनच्या मन्यापेक्षा जास्त खरा वाटतो. त्याच्या डोळ्यांत एक बेभान पोरकटपणा आहे, विशी ओलांडलेल्या पोराच्या हातात एके-४७ आली की काय होईल त्याचा. जॉन पडद्यावर भारदस्त दिसतो, पण कीर्ती कॉलेजात पेपर लिहिणारा मुलगा काही त्याच्यात दिसत नाही.

आकड्यांतही सिनेमे सैल आहेत. लोखंडवालाला प्रत्यक्षात सात जण मेले, सिनेमा पाच जणांभोवती फिरतो.

दोन्ही सिनेमे शेवटी पोलिसांच्या बाजूने झुकतात, लोखंडवाला तर कोर्टात उघडपणे. तुमच्या दारात बंदूकधारी माणूस उभा असेल तर तिथे पोलीस असावा की गुंड, अशा अर्थाचा सवाल ढिंगरा करतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. मीही तेव्हा वाजवल्या होत्या. पण नव्वदच्या दशकात चकमकी इतक्या वाढल्या की १९९५ ते १९९७ मधल्या मुंबईच्या ९९ चकमकींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या चकमकींमध्ये सुमारे १३५ माणसं मेली होती. २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी १६ सूचना घालून दिल्या: गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र तपास करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करायची, मृताच्या नातेवाइकांना लगेच कळवायचं, आणि शौर्यपदकं किंवा बढत्या लगोलग द्यायच्या नाहीत. वडाळा प्रदर्शित झाला तेव्हा हा निकाल यायला वर्षाहून जास्त काळ बाकी होता. आज हे सिनेमे बघताना या सूचना जवळ ठेवाव्यात असं मला वाटतं, कारण ढिंगराच्या सवालाला खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं फार सोपं आहे.

आणखी एक गोष्ट दोन्ही सिनेमांत मला सलते. स्वाती इमारतीत इतर बिऱ्हाडं होती. शनिवार होता, घरांत मुलं असणार, म्हातारी माणसं असणार. आंबेडकर कॉलेजच्या फाटकाशी पोरं-पोरी उभ्या असणार. मन्या आणि माया पोस्टरवर गेले. त्या दिवशी पलंगाखाली पोट धरून पडलेल्या बायकांचं काय झालं, हे दोन्ही सिनेमांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

भाच्याला मी सांगितलं, आधी २०१३ चा बघ, मग २००७ चा. घटनांच्या क्रमाने बघितलंस तर टॅक्सीपासून फ्लॅटपर्यंत आणि रिव्हॉल्व्हरपासून एके-४७ पर्यंत शहर कसं सरकलं ते आपोआप दिसेल. त्याने त्याच रात्री वडाळा लावला. दोन तासांनी त्याचा मेसेज आला: “मामा, ‘गणपत’ यात नाहीच की!” मी लिहिलं, “नाही. यात ‘आला रे आला’ आहे. ‘गणपत’ उद्या, लोखंडवालात.”