लाखमोलाचं घड्याळ मागे का पडतं?

नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हातल्या एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं एक पोलादी मनगटी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. ही बातमी अजूनही दर काही महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतंच, कारण मला घड्याळांचं वेड आहे हे ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत. बातमीखालचा प्रश्नही ठरलेला : "एवढ्या पैशांत एका सेकंदाचाही फरक पडत नसेल ना?"

पडतो. आणि रोज पडतो. हे सांगितलं की समोरच्याला आपली थट्टा चालली आहे असं वाटतं.

चावीवर चालणाऱ्या घड्याळाला 'क्रोनोमीटर' म्हणवून घ्यायचं तर स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या यंत्राची पंधरा दिवस परीक्षा होते. पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून, तीन वेगवेगळ्या तापमानांत. उत्तीर्ण व्हायचं तर दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या हद्दीत राहायचं, बस्स. याउलट, २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, त्याचा फरक महिन्याला ५ सेकंदांच्या आत होता. आजचं साध्यातलं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मी करत गेलं की बरोबर एक उरतो, आणि तोच सेकंद. विषय संपला.

म्हणजे शर्यत पन्नास वर्षांपूर्वीच हरलेली आहे. तरी आपल्या नावाने एकेक घड्याळ घडवणारे स्वतंत्र कारागीर आहेत, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारे संग्राहक आहेत. यात प्रतिष्ठा आणि पैशांचा खेळ भरपूर आहे, ते नाकारत नाही. पण मला त्यात गोडी वाटते ती एका भांडणामुळे. हे भांडण घर्षणाशी आहे, अडीचशेहून अधिक वर्षं चाललं आहे, आणि ते सगळं जेमतेम काही मिलिमीटरच्या जागेत होतं.

माझ्या जुन्या घड्याळाचं मागचं झाकण मी पहिल्यांदा उघडून भिंगाखाली धरलं, तेव्हा आधी दिसलं ते बॅलन्स व्हील : सोनेरी कडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घेणारं. त्याच्या पोटात केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग, श्वास घेतल्यासारखी फुगत-मिटत होती. बाजूला एक दातेरी चाक, ते मात्र फिरत नव्हतं. म्हणजे फिरत होतं, पण झटक्याने. उभं, झटका, उभं, झटका. दोघांच्या मधे नांगराच्या आकाराचा इवलासा पोलादी तुकडा आणि त्याच्या दोन हातांत डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची दोन माणकं.

या नांगराला पॅलेट फोर्क म्हणतात, दातेरी चाकाला एस्केप व्हील, आणि या सगळ्या व्यवस्थेला एस्केपमेंट. काम सोपं आहे. चावी दिलेली मुख्य स्प्रिंग मोकळी सोडली तर भर्रकन उलगडेल आणि काटे गरगरा फिरतील. तिला अडवून धरायचं, आणि बॅलन्सच्या प्रत्येक झोक्याला एकेक दात सोडायचा. सोडता सोडता त्या दाताकडूनच बॅलन्सला थोडा धक्का द्यायचा, नाहीतर झोका हळूहळू मरेल. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारावा तसं. लंडनचा घड्याळजी थॉमस मज याने १७५५ च्या सुमारास हा लिव्हर एस्केपमेंट बसवला आणि आजही बहुतेक सगळी चावीची घड्याळं त्याच्यावरच चालतात.

आता एकच टिक सावकाश बघू. बॅलन्स झोक्यात मधल्या जागेकडे येतं. त्याच्या अंगावरची माणकाची खुंटी फोर्कच्या खाचेत शिरते आणि फोर्कला कलवते. इतका वेळ एका माणकाला टेकून अडकलेला दात सुटतो आणि त्याच माणकाच्या तिरक्या पृष्ठावरून घसरत पुढे जातो. घसरताना माणकाला बाजूला लोटतो, माणिक फोर्कला, फोर्क बॅलन्सला. दात निसटतो, आणि पलीकडच्या माणकावर दुसरा दात येऊन आदळतो. म्हणजे एका 'टिक'मध्ये खरं तर तीन बारीक आवाज असतात : खुंटी लागल्याचा, दात सुटल्याचा आणि दुसरा दात आदळल्याचा. घड्याळ तपासणारं यंत्र या आवाजांमधलं अंतर मोजूनच झोका केवढा आहे ते सांगतं.

झोका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ६०० अंशांचा. त्यातले पन्नासेक अंश सोडले तर बॅलन्सला कुणी हात लावत नाही. मजची थोरवी यातच आहे. पण त्या पन्नास अंशांत जो 'घसरत' शब्द येतो ना, तिथे सगळी गोम आहे.

जड पेटीखाली पाचर ठोकून ती उचलणं आणि पेटीला समोरून हात लावून ढकलणं यांत फरक काय? पाचर पेटीच्या तळाशी घासत जाते. जोरातला मोठा हिस्सा त्या घासण्यात जातो. लिव्हर एस्केपमेंटमधलं माणकाचं तिरकं पृष्ठ ही पाचरच. पोलाद आणि माणिक दोन्ही आरशासारखी गुळगुळीत असतात, तरी मधे तेल लागतंच. आजच्या बऱ्याच घड्याळांत सेकंदाला ८ ठोके पडतात, दिवसाला ६,९१,२००, वर्षाला २५ कोटींच्या वर. इतक्या वेळा घासायचं, तेही डोळ्यांना धड न दिसणाऱ्या थेंबावर. थेंब जास्त झाला तर पसरून नको तिथे जातो, कमी झाला तर सुकतो. तो जागचा हलू नये म्हणून माणकांना आधी तेलाला थारा न देणारा एक अतिपातळ लेप देतात, नाहीतर केशाकर्षणाने तेल भलतीकडे ओढलं जातं. थंडीत ते घट्ट होतं. काही वर्षांत म्हातारं होऊन चिकट होतं.

चिकट झालं तर घड्याळ चुकावं का, हा प्रश्न रास्त आहे. शाळेत शिकलेल्या हूकच्या नियमाप्रमाणे हेअरस्प्रिंगचा परत खेचणारा जोर कोनाच्या प्रमाणात असेल, तर झोका लहान असो की मोठा, त्याला लागणारा वेळ सारखाच. तेलामुळे झोका लहान झाला तरी बिघडायला नको. बिघडतं ते धक्क्यामुळे. बॅलन्स मधल्या जागी पोचण्याआधी त्याला पुढे ढकललं, तर ते तिथे लवकर पोचतं आणि घड्याळ पुढे जातं. मधली जागा ओलांडल्यावर ढकललं, तर ते आणखी लांब जातं, परतायला उशीर होतो आणि घड्याळ मागे पडतं. अडथळ्याचं याच्या नेमकं उलट : मधल्या जागेआधी अडवलं की मागे. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे गणिताने मांडलं. आता लिव्हर एस्केपमेंट बघा. दात सोडवण्याचा अडथळा मधल्या जागेच्या आधी येतो, आणि धक्क्याचा मोठा भाग नंतर. दोन्ही घड्याळाला मागेच ओढतात. झोका मोठा असेल तेव्हा हा दोष त्यात बुडून जातो. झोका खालावला की वर येतो. म्हणजे तेल बिघडलं, झोका घटला, दोष वाढला, घड्याळ मागे. (हा परिच्छेद पहिल्या वाचनात डोक्यावरून गेला तर पुढे जा. मला स्वतःला तो दोन झोपाळे आणि एक कागद घेऊन बसल्यावर कळला.)

पाचर नको, सरळ धक्का हवा, हे कारागिरांना जुनंच ठाऊक होतं. जहाजांवरच्या क्रोनोमीटरमधल्या डिटेन्ट एस्केपमेंटमध्ये दात बॅलन्सला थेट ढकलतो, त्या जागी तेल लागत नाही. पण धक्का दोन झोक्यांत एकदाच मिळतो, आणि बाहेरून हिसका बसला तर दात भलत्या वेळी सुटतो. पेटीत समतोल ठेवलेल्या घड्याळाला ते चालतं, मनगटावर नाही. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने दोन एस्केप चाकं लावून दोन्ही बाजूंनी सरळ धक्का द्यायचा प्रयत्न केला. कल्पना सुंदर होती, पण त्या काळच्या दात्यांच्या घडणीत ती नीट उतरली नाही.

उतरवली ती जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज माणसाने, १९७० च्या दशकात. म्हणजे क्वार्ट्झच्या लाटेत स्विस कारखाने धडाधड बंद पडत होते तेव्हा. पुढे आयल ऑफ मॅन या बेटावरच्या कार्यशाळेत बसून तबकडी, काटे, बाहेरची डबी, चाकं, स्क्रू असं जवळजवळ सगळं स्वतः करणारा हा माणूस. त्याच्या को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंटमध्ये एकाच धुरीवर दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं, एक लहान. बॅलन्स एका दिशेला जाताना मोठ्या चाकाचा दात बॅलन्सवरच्या माणकाला थेट ढकलतो. परत येताना लहान चाकाचा दात फोर्कवरच्या एका माणकाला ढकलतो आणि फोर्क बॅलन्सला. अडवण्यासाठी फोर्कवर दोन वेगळी माणकं. मजने अडवणं आणि ढकलणं एकाच माणकाच्या दोन बाजूंना दिलं होतं, डॅनियल्सने ती कामं वाटून टाकली. त्यामुळे घसरण जवळपास गेली. दात येतो, ढकलतो, निघून जातो.

१९८० मध्ये पेटंट मिळालं. डॅनियल्सने मोठ्या कंपन्यांच्या तयार मनगटी घड्याळांत आपली रचना बसवून दाखवली, तरी कित्येक वर्षं कुणी घेईना. शेवटी १९९९ मध्ये ओमेगा या स्विस कंपनीने ती कारखान्यात आणली. तेल पुरतं सुटलं असं मात्र नाही. धुऱ्यांना ते लागतंच, आणि ओमेगाला पुढे ठोक्यांचा वेगही तासाला २८,८०० वरून २५,२०० वर आणावा लागला. दुसरा रस्ता २००१ मध्ये युलिस नार्दां या कंपनीने काढला : एस्केप चाकं चक्क सिलिकॉनची. हलकी, चुंबकाला दाद न देणारी, बिनतेलाची. पण तुटली तर कानशीने नवीन घडवता येत नाहीत, म्हणून जुन्या वळणाचे संग्राहक त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणं कळतं, पटत नाही.

न पटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे टूर्बियाँचा, म्हणजे बॅलन्सला फिरत्या पिंजऱ्यात बसवणाऱ्या रचनेचा, गाजावाजा. 'गुरुत्वाकर्षणावर मात करणारं यंत्र' अशी जाहिरात दिसली की हसू येतं. ब्रेगेने १८०१ मध्ये पेटंट घेतलं ते खिशातल्या घड्याळासाठी. ते दिवसभर उभं राहतं, त्यामुळे बॅलन्सचं वजन एका बाजूला किंचित जास्त असेल तर चूक सतत एकाच दिशेला साठते. म्हणून त्याने बॅलन्स आणि एस्केपमेंट फिरत्या पिंजऱ्यात ठेवले : चूक जात नाही, चारी दिशांना वाटली जाऊन तिची सरासरी निघते. मनगट तर दिवसभर वाकडंतिकडं होतच असतं. तिथे तो पिंजरा बघायला बहारदार, करायला महाकठीण, आणि कामाचा थोडाच.

आणि "माझ्या अंगात चुंबक आहे, माझ्या हातात घड्याळ टिकत नाही" म्हणणारे सगळीकडे भेटतात. अंगात काही नसतं. माझं घड्याळ एकदा अचानक दिवसाला बारा मिनिटं पुढे जायला लागलं, तेव्हा रात्री ते ठेवायचो त्या फोनच्या पाकिटाच्या झडपेत लोहचुंबक निघाला. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते, ती ताठर होते आणि झोका भराभर पडतो. दुरुस्तीला घड्याळाजवळ उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र धरून हळूहळू दूर न्यावं लागतं, मिनिटाभराचं काम.

मग हाताने घडवलेलं ओळखायचं कसं? संग्राहक भिंगातून पुलांच्या (चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) कडांवरचे आत वळणारे कोपरे बघतात. गोल फिरणारं हत्यार आतल्या कोपऱ्यात नेहमी थोडी गोलाई सोडतं. तिथे दोन तिरप्या कडा सुईच्या टोकासारख्या मिळालेल्या असतील तर तिथे कानस आणि माणूस पोचला आहे. स्वित्झर्लंडच्या व्हॅली द जू खोऱ्यातला घड्याळजी फिलिप ड्युफूर अशा कडांना जेन्शन या रानवनस्पतीच्या वाळक्या काडीने झिलई देतो. त्याचं 'सिम्प्लिसिटी' हे घड्याळ तास, मिनिटं आणि सेकंद एवढंच दाखवतं.

हात दिसला पाहिजे की नाही, यावर डॅनियल्सचं मत उलटं होतं. रॉजर स्मिथ नावाच्या तरुणाने स्वतः घडवलेलं पहिलं खिशातलं घड्याळ त्याला नेऊन दाखवलं, तर म्हाताऱ्याने ते हाताने केल्यासारखं दिसतंय म्हणून परत पाठवलं. त्याच्या मते घडवलेल्या वस्तूवर धडपडीची खूण राहायला नको होती. स्मिथने पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या घड्याळाला पाचेक वर्षं लागली. या खेपेला डॅनियल्सने एकेक भागावर बोट ठेवून हा कुणी केला, तो कुणी केला, असं विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, मी केला. मग त्याने त्याला घड्याळजी म्हणून मान्य केलं.

पुढे स्मिथ त्याच बेटावर राहून त्याच एस्केपमेंटवर काम करत राहिला. को-अ‍ॅक्सियलची दोन चाकं वेगवेगळी कापून एकावर एक बसवायची, तर एकाचे दात दुसऱ्याच्या दातांशी तंतोतंत जुळवावे लागतात. तिथे केसभर चूक झाली की एका झोक्याला धक्का लवकर आणि दुसऱ्याला उशिरा मिळतो. स्मिथने दोन्ही पातळ्यांचे दात एकाच चाकात, एकाच तुकड्यातून कापले. जुळवायचं कामच राहिलं नाही, आणि चाक हलकंही झालं.