लेसरची उष्णता: काढण्यापासून मोजण्यापर्यंत

मोठा लेसर सुरू करण्याचा क्रम जवळपास सगळ्या प्रयोगशाळांत सारखाच असतो. आधी चिलर, म्हणजे थंड पाणी फिरवणारे यंत्र, लावायचा, पाण्याचा प्रवाह आणि तापमान पाहायचे, मग लेसरचा वीजपुरवठा सुरू करायचा. त्यानंतर अर्धा तास काहीही करायचे नाही, आणि मगच पॉवर मोजायची. बंद करताना लेसर आधी, पाणी काही मिनिटांनी. नव्याने आलेल्याला हे कर्मकांड वाटते. पण यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या यंत्राने शिकवलेली आहे, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग प्रकाश न होता उष्णता होतो.

16 मे 1960 रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर चालवला, तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवला नाही. माणकाच्या छोट्या कांडीभोवती फ्लॅशलॅम्पचे वेटोळे होते, लॅम्प क्षणभर चमके आणि 694 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, बाहेर पडे. दोन स्पंदांच्या मध्ये कांडीला निवायला हवा तेवढा वेळ होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अली जावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये सतत चालणारा हेलियम-निऑन लेसर केला. त्याची पॉवरच इतकी कमी होती की भोवतालची हवा पुरली. 1962 चे पहिले सेमिकंडक्टर लेसर मात्र द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांच्या आसपास ठेवूनच चालवावे लागत. सर्वसाधारण तापमानाला ते सतत चालू लागायला 1970 उजाडले.

पाणी खऱ्या अर्थाने आले ते 1964 च्या दोन लेसरांमुळे. विल्यम ब्रिजेस यांच्या आर्गॉन आयन लेसरची कार्यक्षमता टक्क्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. काही वॉट निळ्या-हिरव्या प्रकाशासाठी काही हजार वॉट वीज ओतायची, आणि ती सगळी उष्णता जेमतेम दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर काढायची. म्हणून अनेक नळ्या बेरिलियम ऑक्साइडच्या केल्या गेल्या. हे सिरॅमिक वीज अडवते, पण उष्णता धातूसारखी वाहून नेते. त्याची धूळ विषारी असते, त्यामुळे अशी जुनी नळी आजही कोणी परस्पर फोडू नये. नळीभोवती पाणी खेळवायचे आणि प्रवाह कमी झाला की वीज आपोआप तुटायची, ही व्यवस्थाही अशा यंत्रांमुळेच रुळली. प्रवाहाचा तो इंटरलॉक तारेचा तुकडा जोडून निकामी करणे हा माझ्या मते प्रयोगशाळेतला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे.

दुसरा लेसर एनडी-याग, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग (यिट्रियम-अॅल्युमिनियम-गार्नेट) स्फटिकाचा. यागचा स्फटिक काचेपेक्षा दसपटीच्या आसपास अधिक उष्णता वाहतो, म्हणूनच तो सतत चालवता आला. लॅम्पने पंप होणाऱ्या, म्हणजे लॅम्पच्या प्रकाशातून ऊर्जा घेणाऱ्या यागमध्ये कांडी आणि लॅम्प दोन्ही पाण्यात बुडालेले असतात. पाण्यातून वीज वाहू नये म्हणून ते डीआयोनाइज्ड, म्हणजे विरघळलेले क्षार काढलेले लागते, आणि लॅम्पचा प्रकाश त्याच पाण्यातून जात असल्याने ते नितळही लागते. शेवाळ धरलेला फिल्टर थेट पॉवरमध्ये दिसतो.

आता तो अर्धा तास. कांडी बाहेरून थंड होते, तिचा गाभा गरम राहतो. गाभ्यातला अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल ते ठरवणारा आकडा, वाढतो आणि सरळ कांडी भिंगासारखी वागू लागते. लेसरमधला हा थर्मल लेन्सचा परिणाम 1960 च्या दशकातच लक्षात आला. थंड लेसरवर नेमके जुळवलेले आरसे तापलेल्या लेसरला जुळत नाहीत ते यामुळेच. लेसर तापून स्थिरावण्याआधी केलेली जुळवणी वाया जाते.

पुढे लॅम्पची जागा 808 नॅनोमीटरच्या सेमिकंडक्टर लेसर डायोडनी घेतली आणि उष्णता बरीच घटली, पण तापमानाची शिस्त आणखी कडक झाली. डायोडची तरंगलांबी अंशामागे साधारण 0.3 नॅनोमीटर सरकते. दहा अंशांचा फरक पडला की 3 नॅनोमीटर गेले, आणि स्फटिकाचा शोषणपट्टा (तो शोषू शकतो त्या तरंगलांबींचा पट्टा) अरुंद असल्याने पंपाचा प्रकाश वाया जाऊ लागतो. म्हणून डायोडखाली विजेवर उष्णता ओढून घेणारा पेल्टियर कूलर असतो. जितके थंड तितके चांगले, हा समज मात्र इथे घातक ठरतो. दमट हवेत तापमान दवबिंदूखाली नेले तर डायोडच्या तोंडावर पाणी साचते आणि डायोड जातो.

पॉवर मोजण्याची कथाही उष्णतेचीच. सुरुवातीला स्पंदाची ताकद किती जिलेट ब्लेड भेदली जातात यावरून सांगत. मग कॅलरीमीटर आले: प्रकाश काळ्या पोकळीत शोषून घ्यायचा, तापमान किती वाढले ते पाहायचे, आणि तेवढीच वाढ विजेच्या हीटरने घडवून वीज मोजायची. वीज अचूक मोजता येते, म्हणून प्रकाशही मोजता येतो. 1985 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत क्विन आणि मार्टिन यांनी हेच तत्त्व द्रव हेलियमच्या तापमानाला नेऊन वापरले, आणि अशा क्रायोजेनिक रेडिओमीटरवर आज प्रकाशाच्या पॉवरची प्रमाणे आधारलेली आहेत. टेबलावरचा थर्मोपाइल मीटर, जो किरणाने आलेली उष्णता मोजतो, त्याच घराण्यातला. त्याच्याजवळ हात नेला तरी आकडा हलतो, म्हणून किरण अडवून शून्य घ्यायचे आणि वाऱ्याचा झोत टाळायचा. प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणाऱ्या फोटोडायोडच्या मीटरला हात समजत नाही, पण त्याला तरंगलांबी सांगावी लागते. यागच्या 1064 नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशापासून 532 चा हिरवा प्रकाश करतात; 532 वर ठेवलेल्या मीटरवर 1064 चा उरलेला प्रकाश पडला तर दिसणारा आकडा निरर्थक.

तरंगलांबीचे कॅलिब्रेशन यापेक्षा वेगळे वाटते, तरी तिथेही तापमान सुटत नाही. 1972 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे, मिथेन वायू नेमकी जी वारंवारता शोषतो तिच्यावर स्थिर केलेल्या हेलियम-निऑन लेसरने प्रकाशाचा वेग सेकंदाला 299792456.2 मीटर मोजला गेला, आणि 1983 मध्ये 299792458 हा आकडा कायमचा ठरवून त्यावरून मीटरची व्याख्या झाली. मीटर प्रत्यक्षात उतरवायला 633 नॅनोमीटरचा, आयोडीनवर स्थिर केलेला लेसर दीर्घकाळ वापरला गेला. साधा हेलियम-निऑन सुरू केला की नळी तापून लांबते आणि वारंवारता सरकत राहते. तिला हीटर गुंडाळून लांबी धरून ठेवतात. अतिस्थिर लेसरांसाठी आता सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून केलेली, दोन आरशांमधली पोकळी 124 केल्विनला (उणे 149 अंशांना) ठेवतात, कारण त्या तापमानाच्या आसपास सिलिकॉनचे प्रसरण शून्यावर येते.